महिन्याला किती खोपोल्या?

मुंबईहून रात्री सुटणाऱ्या लोकलचे, कर्जतकराच्या दृष्टीने, दोनच प्रकार. कर्जत लोकल असली तर निर्धास्त झोपावं. गाडीच कर्जतला संपते; कुणीतरी खांदा हलवतं आणि माणूस पायाने चप्पल चाचपडत उतरतो. खोपोली लोकल मात्र कर्जतला थांबते, जरा विचार केल्यासारखं करते आणि पुढे निघते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. मधे कुठेतरी कर्जत तालुका संपून खालापूर तालुका सुरू होतो, पण झोपलेल्या माणसाला महसुली हद्दींचं काय?

"काका, खोपोली आली." झाडूवाल्याचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढेपुढे त्याने "आली" म्हणणं सोडलं; नुसतं "काका" पुरे होई. मग त्या लांबलचक फलाटावर बाकड्यावर बसायचं. समोर डोंगराची काळी भिंत, तिच्यावर घाट चढणाऱ्या गाड्यांचे दिवे मुंगीच्या चालीने सरकताहेत. घरी फोन लावायचा.

"कुठे आहात?"

"खोपोलीला."

पलीकडून एक उसासा, आणि पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज.

आमच्या डब्यातल्या मंडळींनी याचं एककच करून टाकलं होतं. आमच्यात माणसं स्टेशनाच्या नावाने ओळखली जातात: नेरळचे काका, शेलूवाला, भिवपुरीचे मास्तर. पहिल्या तारखेच्या सुमारास नेरळचे काका पत्ते पिसता पिसता विचारायचे, "काय कर्जतकर, गेल्या महिन्यात किती खोपोल्या?" दोन असल्या तर सामान्य, चार झाल्या तर चहा माझ्याकडून. दिवसा येणारी झोप मोजण्याचं शास्त्र जगात आहे आणि त्याला बऱ्यापैकी प्रतिष्ठाही आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या गावी नव्हतं.

ते मला कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी गेलो होतो रक्तदाबासाठी. दोन गोळ्या घेऊनही तो उतरत नव्हता. बाईंनी माझी मान पाहिली, सुटलेलं पोट पाहिलं, तोंड उघडायला लावून घशात बॅटरी मारली आणि औषधाऐवजी एक कागद पुढे केला. त्यावर आठ ओळी. आठ प्रसंग आणि प्रत्येक प्रसंगात डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण. अजिबात नाही म्हणजे शून्य, हमखास म्हणजे तीन. एकूण गुण चोवीस. दहापर्यंत ठीक, त्यापुढे प्रकरण तपासण्याजोगं. शाळा सुटल्यापासून ज्या परीक्षेत कमी गुण मिळवायचे अशी ही पहिलीच, त्यामुळे मला हुरूप आला.

मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलात मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी ही प्रश्नावली तयार केली आणि १९९१ साली ती छापून आली. त्यांनी तिला स्वतःचं नाव न देता हॉस्पिटलचं दिलं. ते हॉस्पिटल मेथडिस्ट मंडळींनी काढलेलं, आणि मूळ एपवर्थ हे इंग्लंडातलं गाव, त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचं जन्मस्थान. हे वेस्ली पहाटे चारला उठत आणि लवकर उठण्यावर लोकांना प्रवचनं देत. अशा माणसाच्या गावाचं नाव दिवसाढवळ्या पेंगणाऱ्यांच्या मोजपट्टीला लागावं, हा त्यांच्यावर नियतीने उगवलेला सूडच म्हणायचा.

मी लोकलमध्येच कागद भरला. बसून वाचताना? शून्य. टीव्ही बघताना? एक. प्रामाणिकपणा दिसावा म्हणून. सभेत किंवा नाटकाला गप्प बसलेलं असताना? शून्य, मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तासभर सलग प्रवासात गाडीत नुसतं बसलेलं असताना? इथे जरा अडलो. मेलबर्नच्या माणसाला तासभर म्हणजे लांबचा प्रवास वाटत असेल. कर्जतहून निघालेल्याला तासाभरात जेमतेम कल्याणची गर्दी दिसायला लागते. अजून तेवढंच जायचं असतं. शिवाय लोकलमध्ये सगळेच झोपतात, त्यामुळे ती झोप धरायचीच नसते. शून्य. दुपारी सवड मिळून आडवं झाल्यावर? आता हा काय प्रश्न झाला? जेवून वामकुक्षीला टेकलेला मराठी माणूस झोपणार नाही तर काय भूमिती सोडवणार? तीन. कुणाशी बसून बोलताना? शून्य, पण खरं तर ते समोर कोण बोलतंय यावर आहे. मद्य न घेता जेवून शांत बसल्यावर? शून्य. "मद्य न घेता" या सवलतीबद्दल मनातल्या मनात आभार. आणि शेवटचा, मोटारीत असताना रहदारीत दोन-चार मिनिटं थांबावं लागलं तर? शून्य.

या शेवटच्या प्रश्नावर नेरळचे काका बराच वेळ गुंतले. त्यांचा मेव्हणा माथेरानला. आमच्याच तालुक्यातलं गाव, पण वर खासगी मोटारींना मज्जाव. तिथल्या माणसाने या ओळीत काय लिहायचं? "घोड्यावर असताना, असं धरायचं," शेलूवाला म्हणाला. त्यावर काकांनी सांगितलं की घोडा स्वतःच उभ्या उभ्या डुलकी घेतो, तेव्हा गुण नेमके कुणाला द्यायचे ते आधी ठरवा.

एकूण चार. मी तो कागद घरी बायकोला दाखवला तो कौतुकासाठी. ती गवार मोडत होती. हात पुसून तिने कागद घेतला, आधी चष्मा लावला, मग माझ्याच खिशातलं पेन काढलं.

"वाचताना शून्य? अहो, पेपर तुमच्या तोंडावर असतो. तीन. टीव्ही? मालिका तुमच्या नावाने लागते आणि बघतात भिंती. तीन. सभा." इथे ती थांबली. "टाकीच्या ठरावाला अनुमोदन कुणी दिलं होतं?"

मी दिलं होतं. पाण्याची नवी टाकी पार्किंगच्या ऐन तोंडावर बांधण्याचा तो ठराव. माझं नाव पुकारल्यावर मी दचकून "हो हो" म्हणालो आणि टाळ्या पडल्या. ती टाकी आजही तिथेच आहे आणि गाडी बाहेर काढताना सगळे सभासद माझी आठवण काढतात.

"दोन," बायको म्हणाली. असं करत ती शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि तिचा आवाज बदलला. "रहदारीत. खालापूरचा टोल आठवतोय?"

पुण्याहून लग्न उरकून येत होतो. फास्टॅग यायच्या आधीची गोष्ट. नाक्यावर पाच-सहा गाड्यांची रांग, पुढची सरकली, मी सरकलो नाही. मागून हॉर्न. बायकोला वाटलं गिअर अडकला. माझे हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, हनुवटी छातीवर. तिने हलवलं, मी म्हणालो, "जरा डोळा लागला." तेव्हा सगळे हसले होते. आता गवारीच्या ढिगासमोर ती म्हणाली, "वीस मिनिटांपूर्वी तुम्ही घाट उतरवला होतात."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तिची बेरीज एकोणीस झाली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, मधे तिरकी रेघ ओढून: ४ / १९. म्हणाल्या, दुसरा जास्त खरा असतो. पेंगणाऱ्याला आपण पेंगतो हे कळत नाही, कारण कळायला जो जागा लागतो तोच नेमका झोपलेला असतो. शिवाय वर्षानुवर्षं अर्धवट झोपेत काढली की जागं असणं म्हणजे काय, हेच विसरायला होतं. मला वाटायचं, दुपारी तीनला सगळ्यांनाच जग असं पाण्याखाली दिसत असणार.

घरच्या घरीच रात्रभराची तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी. आमची धाकटी म्हणाली, बाबा चंद्रावर निघालेत. अहवालात तासाला अडतीस असा आकडा आला. दर तासाला अडतीस वेळा माझा श्वास थांबत तरी होता किंवा अगदी मंदावत होता. एकेक खेप निदान दहा सेकंदांची, तर ती हिशेबात धरतात. पाचच्या आत असला तर माणूस ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. बाईंनी घशाचं चित्र काढून दाखवलं. मला ते लगेच समजलं, कारण आम्ही बोरघाटाच्या पायथ्याची माणसं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि वाट बुजते. दरड कोसळली. छाती जोर लावतेय, हवा जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो, तेव्हा मेंदू गँगमनला उठवतो. तो येतो, "खॉर्र" असा मोठा आवाज करून दरड बाजूला सारतो आणि परत झोपी जातो. दीड मिनिटाने पुन्हा दरड. सकाळी कुणी विचारलं, रात्र कशी गेली, तर मार्ग मोकळा, वाहतूक सुरळीत. फक्त गँगमन मेलेला असतो.

मग हा गँगमन दिवसा जिथे टेकेल तिथे झोपतो, याचं आश्चर्य कशाला?

वैद्यकाला हे उमगायला वेळ लागला आणि गंमत म्हणजे त्यात पत्त्यांचा हात आहे. १९५६ साली बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका स्थूल गृहस्थांची हकिकत छापली. हे गृहस्थ आठवड्याच्या पोकरला बसले होते, हातात तीन एक्के आणि दोन राजे आले आणि त्यांना झोप लागली. एवढा डाव हातचा गेल्यावर थोड्याच दिवसांत ते हॉस्पिटलात दाखल झाले. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये उभ्या उभ्या घोरणारा जो नावाचा लठ्ठ पोऱ्या आहे, त्याच्यावरून डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं. मी हे डब्यात सांगितलं तेव्हा चार जण एकदम माझ्याकडे वळले. कारण डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मधे, मांडीवरच्या ब्रीफकेसवर रमी चालू असताना, एका पानावर डाव आलेला असताना मी हातातली पानं सगळ्यांना दिसतील अशी पसरून झोपलो होतो. भिवपुरीच्या मास्तरांनी ती पुन्हा मिटवून माझ्या खिशात ठेवली होती. मास्तरांनी मला पोकरवाल्याच्या पंक्तीला बसवलं आणि जाहीर केलं, "फरक एवढाच की ते दवाखान्यात गेले आणि हे खोपोलीला."

आपल्याकडे मुळात झोप लागणं हे भाग्याचं लक्षण. "पाठ टेकली की झोपतो" हे स्थळ बघतानाही मुलाचा गुण म्हणून सांगतात. देवसुद्धा आषाढीला झोपतो तो कार्तिकीला उठतो. त्याला कुणी कागद भरायला दिलेला नाही. आणि भाषेत तर झोपेची पळवाट जागोजागी. पेंग येते, झापड येते, गुंगी येते, डुलकी लागते, डोळा लागतो. सगळं आपोआप येतं आणि लागतं. माणूस कुठेच काही करत नाही. मी टोल नाक्यावर झोपलो नव्हतो, डोळा लागला होता. डोळ्याचा गुन्हा, माझा नाही.

ही पळवाट किती महागात पडेल ते मला मावसभावाच्या घरी कळलं. तो चौकजवळ राहतो, ट्रेलर चालवतो. न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन चाकणला. त्याची मान माझ्यापेक्षा जाड, घोरणं तीन घरं ऐकतात. मी नव्या मुल्लाच्या उत्साहाने त्याला कागद दिला. त्याने भरला: दोन.

"गाडी थांबल्यावर डुलकी?"

"नाय. झोप नाय येत आपल्याला. झापड येते."

"म्हणजे?"

"म्हणजे डोळं उघडंच असतं. रस्ता दिसतो. पण मधला एखादा बोर्ड नाय आठवत."

मी गप्प झालो. कागदावर झापडेला रकाना नाही, आणि असता तरी त्याने भरला नसता. हा कागद कुठे जाईल, मालकाच्या हाती लागेल का, लायसन्सवर काही लिहितील का, हा हिशेब त्याने पेन हातात घेतानाच केला होता. पोट ज्याचं स्टिअरिंगवर आहे तो माणूस शून्यच लिहिणार. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, म्हणूनच ड्रायव्हरच्या बाबतीत केवळ या आकड्यावर विसंबत नाहीत. मोठ्या ठिकाणी वेगळी परीक्षा असते. दिवसा अंधाऱ्या खोलीत दर दोन तासांनी झोपायला सांगतात, चार-पाच वेळा, आणि किती मिनिटांत झोप लागते ते मेंदूच्या तारांवरून मोजतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत आली तर झोपाळूपणा खरा. याच्या उलटही एक आहे: मंद उजेडात नुसतं बसवायचं आणि जागं राहून दाखवा म्हणायचं, एकेका खेपेला चाळीस मिनिटं. ट्रेलरवाल्याला ही दुसरी खरी लागू. पण चौकहून उठून दिवसभराचा खाडा करून ती द्यायला कोण जाणार? शेवटी वहिनीने त्याला रक्तदाब तपासायच्या नावाखाली कल्याणला नेलं. आता त्याच्याकडेही माझ्यासारखंच रात्री नाकाला लावायचं यंत्र आहे. लायसन्स शाबूत आहे. त्या कागदावरचे दोन त्याने अजून बदललेले नाहीत.

आणि गुण कमी म्हणजे दुखणं नाही, असंही नव्हे. मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली आकडे दिले होते: झोपेत श्वास अडणारे शंभरात साडेएकोणीस, पण श्वास अडतो आणि दिवसा झोपही येते असे साडेसात. म्हणजे दरड पुष्कळांकडे कोसळते, पेंग त्यातल्या थोड्यांनाच येते. बाकीचे टक्क जागे असतात आणि रक्तदाबाला शिव्या देतात. बाया तर पुष्कळदा "झोप येते" म्हणतच नाहीत, "दमायला होतं" म्हणतात. आणि दमण्याबद्दल बाईला विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

हे मी कुठल्या तोंडाने लिहितोय? कारण त्या एकोणीसच्या रात्रीच मला सुचायला हवं होतं ते आठ दिवसांनी घडलं, तेही धाकटीमुळे. तिने कोरा कागद आईपुढे धरला. बायको खोपोलीला शाळेत शिकवते. सकाळी उलट्या दिशेची लोकल. वाचताना दोन, वह्या तपासताना त्याहून जास्त, पण तसा प्रश्न नाही. दुपारी आडवं व्हायला मिळत नाही, मिळालं तर तीन. बेरीज झाली तेरा. तिचा श्वास ठणठणीत आहे. तिला फक्त सव्वीस वर्षं शेजारी दरड कोसळत होती. आणि आवाजाने जाग येई ते एक वेळ सोसलं असतं, ती म्हणाली, आवाज थांबला की जास्त जाग यायची. पुन्हा सुरू होईपर्यंत ती मोजत पडायची.

यंत्र आलं. हेही ऑस्ट्रेलियाचंच देणं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ते जगापुढे मांडलं आणि सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालत. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून रात्रभर हवेचा हलका रेटा, म्हणजे घसा मिटत नाही. डब्यात समजवायला मला अजिबात त्रास पडला नाही. घाट चढायचा तर कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, मला पुढून लावलंय. पहिल्या रात्री दोनदा मुखवटा काढून फेकला. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा यंत्र बंद पडतं आणि मी घुसमटून उठतो. तेवढ्यासाठी इन्व्हर्टर घेतला. महावितरणने दिवे घालवले की आमच्या आळीत आता माझंच नाक चालू असतं.

दोन महिन्यांनी पुन्हा कागद भरला. या वेळी बायकोने. सहा. तिचा स्वतःचा मात्र अजून अकरावर अडकलाय. मी म्हटलं, आता तर घरात चिडीचूप असतं. तर म्हणाली, म्हणूनच. रात्री दोनला जाग येते आणि एवढी शांतता असते की हात लावून बघावं लागतं.

खोपोल्या बंद झाल्या. झाडूवाला मधे एकदा कर्जतच्या फलाटावर भेटला, म्हणाला, "काका, बदली झाली का?" परतीच्या गाडीत आता मी सगळं बघत येतो. बदलापूर सोडलं की डब्यातली गर्दी एकदम कमी होते, उल्हास नदी अंधारात कुठे कुठे चकाकते, वांगणीला गारवा आत येतो. बावीस वर्षांत हे कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी नेरळचे काका माझ्या खांद्यावर होते. हातात पानं तशीच. घोरत होते, डबा सवयीने दुर्लक्ष करत होता. मग आवाज थांबला. मी मोजायला लागलो. सात, आठ, नऊ. मास्तरांनी पान टाकलं. दहा, अकरा, बारा, तेरा. काका "खॉर्र" करून हलले, डोळे न उघडता पानं सावरली आणि म्हणाले, "माझाच डाव ना? शेलू आलं का?"